शस्त्र परवाना: शुल्क आणि मुदतीचा फलक लावा

शस्त्र कायद्यात 2019 च्या अखेरीस दुरुस्ती होऊन परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली, एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येऊ लागली. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. अडते ते परवान्यात बदल करायच्या वेळी.

करमाळा, बार्शीकडचे अनेक शेतकरी पिकांच्या राखणीसाठी बारा बोअरची बंदूक बाळगून असतात. मुलांच्या शिक्षणासाठी असे कुटुंब सोलापुरात आले की परवान्यावरचा पत्ता बदलावा लागतो. ग्रामीण भागाचा परवाना जिल्हादंडाधिकाऱ्यांचा, शहरात मात्र अधिकार पोलीस आयुक्तांचा. मुक्काम हलवल्यावर 30 दिवसांत नव्या ठिकाणी लेखी कळवायचे असते, हे कुणी आपणहून सांगत नाही. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या 60 दिवस आधी द्यायचा, हेही पुष्कळांना उशिराच कळते.

ओळखीतले एक वयस्कर गृहस्थ शिक्क्यांनी भरलेले परवान्याचे जुने पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून एका कार्यालयात गेले. चलन किती रुपयांचे, हे खिडकीवर कळलेच नाही. बाहेरच्या एजंटाला मात्र तोंडपाठ! (त्याचा स्वतःचा दर अर्थातच निराळा.)

लोकसेवा हक्क कायदा 2015 पासून आहे. अधिसूचित सेवांचे शुल्क आणि कालमर्यादा फलकावर लावणे त्यात बंधनकारक आहे. पत्ता बदल, शस्त्र बदल, वारसाच्या नावे परवाना आणि नूतनीकरण यांचे शुल्क व मुदती मराठीत, ठळक अक्षरांत दाराशीच लावाव्यात. तालुक्याच्या पोलीस ठाण्यांतही त्याची प्रत असावी.

– एक वाचक, सोलापूर