सड्यावर विमानतळ, खाली अडकलं आमचं घर

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकात चिपी विमानतळाबद्दल एका वाचकाचं पत्र आलंय. विमानतळामुळे जमिनींना भाव आला, आता आसपासच्या गाववाल्यांनी कुरकुर बंद करावी असं त्यांचं म्हणणं. मत मांडायचा त्यांना पूर्ण हक्क आहे, पण ते वाचल्यापासून माझं डोकं तापलंय. भाव आला तो जमीन विकणाऱ्याला. आम्हाला विकायची नाहीये, आम्हाला तिथेच राहायचंय आणि राहत्या घरावर दोन खोल्या चढवायच्यात, बस एवढंच.

विमानतळ सड्यावर, म्हणजे कातळाच्या उंच माळावर आहे. आमची वाडी त्या सड्याच्या खालच्या अंगाला, धावपट्टीच्या बाजूला, टोकाला नाही. घर आजोबांच्या वेळचं, चिऱ्याचं. धाकट्या भावाचं लग्न ठरलं तेव्हा वर दोन खोल्या काढायचं ठरवलं, चिरे आणून अंगणात रचले, गवंड्याला अॅडव्हान्स दिला आणि परवानगीचा अर्ज घेऊन एका कार्यालयात गेलो तर तिथल्या साहेबांनी फाईल उघडायच्या आधीच सांगितलं, विमानतळापासून 20 किलोमीटरच्या आत आहात, उंचीचा ना हरकत दाखला आणा. कुठून आणायचा विचारलं तर म्हणाले ऑनलाईन असतं सगळं. मग जागेचे अक्षांश-रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची लागते म्हणून सर्व्हेयर शोधला, पैसे भरून दाखला काढला, तो घेऊन गेलो तर उंचीच्या आकड्यात घोळ आहे म्हणून परत पाठवलं, दुसऱ्यांदा गेलो तर साहेब बदललेले, त्यांना पहिला अर्जच सापडेना. असे दोन पावसाळे गेले. लग्न झालं, भावाने कुडाळला भाड्याची खोली घेतली, चिऱ्यांवर शेवाळ धरलं. आमची आत्या रोज ते चिरे बघून म्हणते, "इमान वरसून जातला, घर खालीच रवतला, मगे कागद कित्याक?" तिला काय उत्तर देऊ?

नियमाला माझा विरोध नाही, हे नीट लक्षात घ्या. विमान सुरक्षित उतरलंच पाहिजे. 2015 चे केंद्राचे उंचीचे नियम मी स्वतः वाचून काढले, इंग्रजीत होते, पुतणीला बाजूला बसवून. धावपट्टीच्या टोकापुढे विमान उतरण्याची जी वाट असते तिथे कडक बंधन असतं, दर 50 मीटर अंतराला फक्त 1 मीटर उंची, ते बरोबरच आहे. पण बाजूला तसं नाही. धावपट्टीच्या लगतचा उतार सोडला की पुढे जवळपास 4 किलोमीटरपर्यंत विमानतळाच्या पातळीच्या वर 45 मीटर, म्हणजे जवळजवळ दीडशे फूट मोकळे असतात. आमचं घर दोन खोल्या धरून सात मीटरचं, तेही सड्याच्या खाली! परसातला माड घरापेक्षा तिप्पट उंच आहे आणि त्याच्याबद्दल आजवर कोणी काही विचारलेलं नाही. 2024 मध्ये इथली मुंबईची विमानसेवा बंद पडली तेव्हाही आमच्या कागदाला सुट्टी मिळाली नाही.

खरा राग पुढेच आहे. विमानतळाचं घाटत होतं तेव्हा गावात येऊन विमानतळवाल्या लोकांनी नकाशा दाखवला होता, मी तिथे हजर होतो, वडील माझ्या शेजारी बसले होते. नकाशात फक्त संपादनात जाणारी जमीन रंगवलेली. वडिलांनी उठून विचारलं, आमच्या वाडीचं काय? उत्तर मिळालं, तुमचा काही संबंध येत नाही, तुम्ही निश्चिंत राहा. वडील निश्चिंत झाले, हरकत घेतली नाही. 9 ऑक्टोबर 2021 ला उद्घाटन झालं त्या दिवशी आम्ही घरात पेढे वाटलेत. वडील आता नाहीत. संबंध येतो, पुरता 20 किलोमीटरपर्यंत येतो, हे त्या दिवशी एका वाक्यात सांगता आलं असतं.

गोव्यातल्या मोपा विमानतळाच्या बाजूला बांदा, सावंतवाडीकडच्या लोकांनी हे वाचावं, 20 किलोमीटरचं वर्तुळ काही राज्याची हद्द बघून थांबत नाही. आणि जिथे कुठे नवीन छोटी धावपट्टी यायची असेल तिथल्या लोकांनी सुनावणीत पहिला प्रश्न शेजारच्या जमिनीचा विचारावा, उत्तर लेखी घ्यावं.

संपादकसाहेब, तुमच्याबद्दलही बोलायचंय. हरकतींच्या जाहीर नोटिसा तुमच्या पेपरात शेवटच्या पानाच्या तळाला इतक्या बारीक टाईपात येतात की मला चष्मा लावूनही लागत नाहीत, आईचं तर सोडाच. 30 दिवसांची मुदत त्या अक्षरांतच संपून जाते. जिल्ह्याच्या पानावर वाढदिवसाच्या फोटोंना जागा असते, तर गाव, सर्व्हे नंबर आणि शेवटची तारीख एवढ्या तीन गोष्टी तरी मोठ्या अक्षरात छापा.

माझी मागणी साधी आहे. विमानतळाभोवतीचा रंगीत उंची-नकाशा प्रत्येक ग्रामपंचायतीत मराठीत लावा, सर्व्हे नंबर टाकून, कुठे किती मीटरपर्यंत बांधता येतं ते लिहून. नकाशातल्या लाल पट्ट्यात, म्हणजे जिथे उंचीचा दाखला लागतोच त्या भागात, नसलेल्या घराला पंचायतीच्याच पातळीवर परवानगी द्या, त्या नकाशाचा उपयोगच तो आहे. आणि हे यंदाच्या मिरगाच्या आधी करा, कारण भावाच्या बायकोला सातवा महिना लागलाय आणि बाळ आपल्या घरात यावं असं आम्हा सगळ्यांना वाटतंय.

आपला,
एक नियमित वाचक
ता. वेंगुर्ला, जि. सिंधुदुर्ग