टाळ्या कशासाठी?

महोदय,

गेल्या रविवारी नौपाड्यात एका मित्राकडे आम्ही दहाबारा जणांनी येशूच्या ऐतिहासिकतेवर शंका घेणारा माहितीपट पाहिला. शंकेला माझी हरकत नाही. शुभवर्तमाने, म्हणजे बायबलमधली येशूची चरित्रे, येशूनंतर काही दशकांनी लिहिली गेली, हे अभ्यासकही मानतात. पण यहूदियाचा रोमन सुभेदार पिलात याच्या अमलात ख्रिस्ताला देहदंड झाल्याची नोंद रोमन इतिहासकार टॅसिटसने इ.स. ११६च्या सुमारास केली आहे. ती माहितीपटाने दोन वाक्यांत उडवून लावली. येशू नावाचा माणूस होऊन गेला, हे बहुतेक इतिहासकार, त्यांतले नास्तिकसुद्धा, मान्य करतात. वाद आहे तो चमत्कारांचा आणि पुनरुत्थानाचा.

मला खरं दुखावलं ते टाळ्यांनी. ‘बघा, सगळं थोतांड!’ असं कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. शेजारच्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच जुन्या मराठी ख्रिस्ती समाजातल्या, मावशी तिथेच बसल्या होत्या. त्यांनी भरलेला चहाचा कप खाली ठेवला आणि चपला घालून निघाल्या. आपल्या संतांच्या चरित्रांतल्या चमत्कारांवर असा माहितीपट निघाला असता, तर आपण टाळ्या वाजवल्या असत्या का? मी जिन्यापर्यंत त्यांच्या मागे गेलो, पण बोलायला शब्द सापडले नाहीत. उद्या त्यांच्या घरी जाऊन माफी मागणार आहे.

– एक वाचक, ठाणे