कलमे बागेत आली, भट्टी मात्र तशीच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्वच्छ ऊर्जेवर विद्यापीठांत चाललेल्या संशोधनाच्या बातम्या मी आवडीने वाचते. सौर पॅनेल, बॅटऱ्या, हायड्रोजन यांवर पुष्कळ छापून येते. मला लिहायचे आहे काजूच्या टरफलाबद्दल, कारण वेंगुर्ले तालुक्यातल्या माझ्या छोट्या कारखान्यात रोज तेच जळते.

८० किलो बीच्या पोत्यातून गर निघतो जेमतेम २० किलो. बाकी बहुतेक टरफलच. ते बॉयलरखाली घालायचे आणि त्या वाफेवर पुढची बी उकडायची. इंधन घरचे, धगीला लाकडापेक्षा सरस, म्हणून आम्ही छोटे कारखानदार तेच वापरतो. पण टरफलात पाव हिश्शाच्या आसपास तेल असते. बी फोडताना बायकांच्या बोटांची साले काढणारा चीक तो हाच. टरफलाचे घमेले भट्टीत ओतले की त्या तेलाची एकदम वाफ होते, तिला पुरेशी हवा मिळत नाही आणि ती अर्धवट जळून काळा धूर होऊन बाहेर पडते. ऑगस्टात हवा दमट असली की हा धूर वर चढतच नाही. पलीकडच्या परड्यातली काकी कुंपणाशी येऊन म्हणते, "गो बाय, तुझो धूर परत माझ्या घरात इलो." तिला दमा आहे. तिला काय सांगावे, मला सुचत नाही.

दर पंधरा दिवसांनी चिमणीचा सांधा उघडावा लागतो. आत बोटभर जाडीचा, डांबरासारखा थर असतो. खरवडताना कोयती त्यात चिकटून बसते आणि हाताचा वास दोन दिवस जात नाही.

याच चिमणीला हात लावता येत नाही इतकी ती तापलेली असते, आणि तिच्यापासून दहा पावलांवर माझा ड्रायर विजेच्या कॉइलवर चालतो. साल सुटण्यासाठी गर ६०-७० अंशांवर ७-८ तास सुकवावा लागतो. पावसात वीज गेली की गर ओलसर राहतो, सोलताना त्याची पाकळी होते, आणि पाकळीला अख्ख्या गराचा भाव येत नाही. एकीकडे उष्णता आभाळात सोडायची आणि दुसरीकडे तीच विकत घ्यायची, हे मला रोज सलते.

शास्त्राला यावर उपाय ठाऊक नाही असे नाही. टरफल आधी कमी हवेत तापवून त्याचा वायू करायचा आणि मग तो वायू वेगळी हवा देऊन जाळायचा, हे गॅसिफायरचे तत्त्व जुने आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९८० च्या दशकापासून गॅसिफायरवर काम झाले आहे. या वायूवर इंजिन चालवायचे तर तो थंड करून गाळावा लागतो आणि तिथे वायूतल्या चिकट डांबराने नळ्या चोंदतात. आम्हाला तर नुसती वाफ हवी. वायू गरमच नीट जाळला तर त्याच्याबरोबर डांबरही जळते. पण दिवसाला दोन पोती बी उकडणारी, एकट्या बाईला सांभाळता येईल अशी भट्टी शोधूनही मला बाजारात मिळाली नाही.

चार वर्षांपूर्वी एका अभियांत्रिकी महाविद्यालयाची मुले शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी भट्टी घेऊन आली होती. हुशार मुले, मनापासून राबली. एप्रिलच्या उन्हात, कडकडीत वाळलेल्या टरफलावर एक दिवस मोजमापे घेतली. धूर खरोखर कमी झाला. काकीसुद्धा बघायला आली. मग परीक्षा झाली आणि भट्टी महाविद्यालयात परत गेली. जुलैत, गोदामात ओल धरलेल्या टरफलावर ती कशी चालली असती, हे कळलेच नाही. मुलांना मी दोष देत नाही. त्यांना गुण अहवालावर मिळायचे होते.

काजूच्या झाडाचे असे झाले नव्हते. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या जाती दिल्या त्या इथल्याच जांभ्यात, इथल्याच पावसात पारखून. म्हणून माझ्या सासऱ्यांनी डोळे झाकून ती कलमे लावली. ते केंद्र दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे, आणि त्याच विद्यापीठात कृषी अभियांत्रिकीही शिकवतात. लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. दोन्ही विद्यापीठांना माझी कळकळीची विनंती आहे की काजूच्या भट्टीचे आणि चिमणीच्या उष्णतेवर चालणाऱ्या ड्रायरचे काम कारखान्यात येऊन करावे, आणि अख्खा पावसाळाभर करावे.

जून ते सप्टेंबर दोन विद्यार्थी माझ्याकडे राहू शकतात. गोदामावरची खोली रिकामी आहे, जेवण आमच्याच घरी. किती टरफल जळले, किती बी उकडली, ड्रायरला किती युनिट लागले, हे मी तीन वर्षे रोज वहीत लिहीत आले आहे. ती वही त्यांच्या हाती देईन. पहिली भट्टी फसली तर दुसरी बांधू. फक्त ती परत नेऊ नये.

आपली,
एक काजू प्रक्रिया उद्योजिका
ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग