कीबोर्डच्या आधी कागद हवा

संपादक महोदय,

गोवा सरकारच्या योजनेमुळे सहावी ते आठवीच्या वर्गांत कोडिंग आले. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीच दिशा दिली आहे. त्याचे स्वागतच आहे. मात्र पुष्कळ वर्गांत क्रम उलटा लागतो. फळ्यावरचा प्रोग्राम मुले आधी टाइप करतात, जर्नलमध्ये उतरवतात आणि प्रश्न काय होता हे शेवटपर्यंत कळत नाही. दोन आकडे बदलले की तीच मुले अडतात.

सुरुवात रोजच्या व्यवहारातून करता येते. बसचे तिकीट 40 रुपये, प्रवाशाने 100 ची नोट दिली, 60 परत करायचे आहेत. मुले चटकन नियम सांगतात: बसेल ती सर्वांत मोठी नोट आधी द्यायची. 50 दिले, मग 10. आता कंडक्टरच्या पिशवीतून 10 च्या नोटा काढून घ्या, फक्त 50 आणि 20 च्या ठेवा. त्याच नियमाने 50 दिले की उरलेल्या 10 वर गाडी अडते. 20 च्या तीन नोटांनी मात्र हिशेब मिटतो. नियम कधी चालतो आणि कधी फसतो, हा विचार इथे सुरू होतो, आणि त्याला एकही संगणक लागत नाही.

भाषेचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. आपल्याकडे अनेक मुले चौथीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पुढे इंग्रजी माध्यमात जातात. ‘जर-तर-नाहीतर’ त्यांना सहज जमते, खरी अडचण पुनरावृत्तीत येते. आपण बोलताना ‘दहा होईपर्यंत मोज’ म्हणतो, म्हणजे थांबण्याची अट सांगतो. ठोकळे जोडून प्रोग्राम बनवण्याच्या स्क्रॅच या भाषेतला ‘रिपीट अनटिल’ (‘होईपर्यंत पुन्हा कर’) हा ठोकळा तसाच चालतो. पायथन या टाइप करून लिहायच्या प्रोग्रामिंग भाषेतल्या ‘व्हाइल’ (‘जोवर’) या आज्ञेला मात्र चालू राहण्याची अट लागते: ‘दहापेक्षा कमी आहे तोवर मोज’. मूल बोलीतले वाक्य तसेच उतरवते आणि ‘व्हाइल’पुढे ‘संख्या दहा असेल तर’ अशी अट लिहिते. एकपासून मोजायला लागल्यावर ही अट पहिल्याच फेरीला खोटी ठरते, प्रोग्राम काहीच करत नाही आणि चूकही दाखवत नाही. म्हणून प्रत्येक पुनरावृत्ती आधी कागदावर ‘जोवर… तोवर’ या साच्यात लिहून घ्यावी. या एका सवयीने बराच घोळ टळतो.

दुसरा अडथळा बरोबरीच्या चिन्हाचा. गणितात ‘अ = अ + 1’ अशक्य आहे, तेच प्रोग्राममध्ये रोज लागते. हे चिन्ह ‘उजवीकडची किंमत काढून डावीकडे लिही’ असे वाचायला शिकवावे. दोन किमतींची अदलाबदल शिकवताना सोलकढी आणि ताकाचे दोन पेले, शिवाय एक रिकामा पेला घेतात. तिसरी जागा का लागते हे त्यातून छान समजते, पण एक गैरसमज मागे राहतो: किंमत दुसरीकडे दिली की मूळ जागा रिकामी होते, असे मुलांना वाटते. प्रत्यक्षात ती तिथेच राहते, तिची नक्कल होते. पेल्यांनंतर लगेच पाट्या घ्याव्यात. एका पाटीवरचा आकडा पाहून दुसरीवरचा पुसायचा आणि तो लिहायचा. पहिली पाटी जशीच्या तशी राहते, हे मुलांना डोळ्यांनी दिसते.

यानंतर तक्ता. प्रत्येक चलाला, म्हणजे किंमत ठेवायच्या नाव दिलेल्या जागेला, एक रकाना, प्रत्येक पायरीला एक ओळ. सात बाजारांतल्या बांगड्यांच्या दरांतून सर्वांत कमी दर शोधायचा असेल, तर मुले ‘सर्वांत कमी = 0’ पासून सुरुवात करतात. तक्ता भरू लागताच दिसते की कुठलाच दर शून्याखाली जात नाही आणि उत्तर शून्यच राहते. सुरुवात पहिल्या बाजाराच्या दराने करायला हवी, हे मग मुलेच सांगतात.

मशीनवर बसल्यावरच्या दोन चुका नेहमीच्या. पायथनमध्ये ‘इनपुट’ने, म्हणजे कीबोर्डवरून, घेतलेले आकडे मजकूर असतात, त्यामुळे 5 आणि 7 यांची बेरीज 57 येते. ‘रेंज’मध्ये, म्हणजे मोजणीची हद्द ठरवणाऱ्या आज्ञेत, 1 आणि 10 दिले तर मोजणी 9 वर थांबते. दोन्ही चुका शिक्षकांनी आधी सांगू नयेत. उत्तर काय येईल ते वहीत लिहून घ्यावे आणि मगच प्रोग्राम चालवावा.

संगणक कमी असले तरी चालते. एका मशीनवर दोघे बसवावेत, एकाने टाइप करावे, दुसऱ्याने तक्ता पाहत पुढची पायरी सांगावी, दर दहा मिनिटांनी जागा बदलाव्यात. जागा न बदलल्यास हुशार मूलच टाइप करत राहते.

परीक्षा मात्र बदलायला हवी. पाठ केलेला प्रोग्राम लिहायला सांगण्याऐवजी चार ओळींचा प्रोग्राम देऊन तक्ता भरायला सांगावा, उलटसुलट ओळी क्रमाने लावायला द्याव्यात, एक चूक ठेवून ती शोधायला लावावी. या प्रश्नांना निम्मे गुण ठेवले, तर वर्गात कागद आपोआप कीबोर्डच्या आधी येईल.

— संगणक विषयाचे काही शिक्षक, डिचोली