मटकी भिजत घालायची राहिली

प्रिय बयो,

फोनच करणार होते पण सासूबाई शेजारीच बसल्यात आणि फोनवर मी रडले असते, म्हणून लिहितेय. मागच्या बुधवारची गोष्ट. शाळेच्या टाइमटेबलप्रमाणे बुधवारी डब्यात मोडाची उसळ, आणि सोमवारी मटकी भिजत घालायचीच राहिली. सकाळी सहाला बघते तर डब्यात मटकी खडखडीत कोरडी, व्हॅन पावणेसातला (चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आत भरवू नका असा जीआर २०२४ मधेच निघालाय, पण आमच्याकडे तो पोचायचाय), आणि तेवढ्यात आमचं ध्यान एक मोजा पायात एक हातात घेऊन विचारतं, आई आज डब्यात काय? अशी ओरडले गं त्याच्यावर. काही बोलला नाही, मोजा उलटाच घातला, बाटली स्वतः भरून घेतली आणि गेला. एरवी बाटलीसाठी मी दहा वेळा ओरडते, पण त्या दिवशी त्याने ती गुपचूप भरली ना, तेच जास्त लागलं.

मग ऑफिसमधे दिवसभर तेच, कॉल चालू आणि डोक्यात मटकी, कसली आई आहेस तू वगैरे. रात्री तुला मेसेज करायला चॅट उघडलं आणि वर वर जात राहिले. तू लेकीचा फॅन्सी ड्रेस विसरलीस आणि ती युनिफॉर्मवर गेली, आठवतंय? मी लिहिलं होतं, "अगं वेडे, विद्यार्थिनी बनून आलीय म्हणायचं, झोप आता." वाचून हसले आणि म्हटलं हीच बाई सकाळपासून मला एवढं घालूनपाडून का बोलतेय?

क्रिस्टिन नेफ म्हणून एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्या याला सेल्फ-कम्पॅशन म्हणतात, मैत्रिणीशी बोलतो तसं स्वतःशी बोलायचं, आणि हे माझ्या एकटीचंच नाही हेही लक्षात ठेवायचं. पटतं मला. पण स्वतःशी गोड बोलून मटकी भिजत नाही ना! म्हणून नवऱ्याला २०२४ च्या सरकारी टाइम यूज सर्व्हेतला आकडा दाखवला, बिनपगारी घरकामात बायकांची रोजची २८९ मिनिटं, पुरुषांची ८८, आणि तीही जे करतात त्यांचीच धरून. बिचारा गप्प झाला. सोमवारची मटकी आता त्याच्याकडे.

परवा त्याने अर्धा किलो भिजवली. मोड आल्यावर पातेल्यात मावेना. रविवारी मिसळ खायला ये, लेकीला घेऊन, नाहीतर आम्ही दिवाळीपर्यंत हेच खातोय.

तुझीच,
मी