बाबा, एफडी मोडू नका, वाइंडिंगचं मशीन घेऊन या

कोथरूड, पुणे
रविवार, रात्री

ती. बाबा आणि आईस,
सा. नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की बाबा "बरं बरं, पैसे पाठवतो" म्हणून मोकळे होतात आणि आई जेवलीस का विचारते. म्हणून सगळं नीट लिहूनच कळवते आहे.

बाबा, मागच्या आठवड्यात तुम्ही म्हणालात, एफडीची मुदत संपतेय, त्यातून तुला हवी ती चांगली गिटार घे. बारावीत मी गिटार मागितली आणि तुम्ही नाही म्हणालात, ते तुमच्या मनात इतकी वर्षं राहिलंय, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. रात्री झोप लागली नाही. त्या वर्षी विहिरी आटल्या होत्या, पंप बंद होते, जत-कवठेमहांकाळकडून तुमच्या दुकानात वाइंडिंगला पंपांच्या जळालेल्या मोटारी यायच्या त्याही थांबल्या होत्या. घरात पैसे नाहीत हे मला तेव्हाही दिसत होतं. माझ्या मनात त्याबद्दल कधीच काही नव्हतं. आधी हे सांगायचं होतं.

तरी तुमचा शब्द ठेवायचा म्हणून आज शहरात जाऊन आले. तीन तास दुकानात बसून चार गिटारी वाजवल्या, आधी ॲम्प्लिफायर न लावता, मग लावून. न लावता वाजवली की लाकूड, पडदे (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), तारा सगळं खरं बोलतं.

लेस पॉल घाटाची एपिफोन वाजवली. हा घाट गिब्सन कंपनीने १९५२ मध्ये आणला. आवाज भरदार, सूर बराच वेळ टिकतो. तारेची लांबी पावणेपंचवीस इंच, फेंडरच्या स्ट्रॅटोकॅस्टरची साडेपंचवीस. आई, तुला ऐकायला पाऊण इंच काहीच वाटणार नाही, पण तोच सूर आखूड तारेवर लावला की ताण कमी लागतो आणि मींड घ्यायला तार सहज ओढली जाते. माझ्या बारीक बोटांना ते फार आवडलं. पण वजन! अर्ध्या तासात खांदा भरून आला. दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून आधीच मान धरते, त्यात हे नको.

मग यामाहाची पॅसिफिका ११२. कुणी मला विचारलं की पहिलीच गिटार घ्यायची आहे, कोणती घेऊ, तर मी हीच सांगेन. घोडीजवळ दुहेरी कॉइलचा पिकअप (तारांचं हलणं विजेत पकडणारा भाग), बाकी दोन एकेरी, त्यामुळे बऱ्याच प्रकारचे आवाज एकाच वाद्यात मिळतात. स्क्वायरची ॲफिनिटीही बरी वाटली. तिच्या पटाचं, म्हणजे जिथे बोटं दाबतात त्या फळीचं, लाकूड काय आहे म्हणून विचारलं तर विक्रेता म्हणाला, "इंडियन लॉरेल." घरी येऊन शोधलं तर तो आपला ऐन निघाला! आजोळच्या घराचे वासे ज्याचे आहेत तोच. कुठल्या कुठे जाऊन आलेलं ते लाकूड माझ्या बोटांखाली होतं, याचा मला फार आनंद झाला.

चौथी मेक्सिकोत बनलेली फेंडर. सुरेखच होती. किंमत माझ्या तीन महिन्यांच्या भाड्याएवढी. तिच्यात नेमकं काय आवडतंय ते मी डोळे मिटून शोधत बसले. पडद्यांच्या कडा बोटांना टोचत नव्हत्या, तारा पटाच्या जवळ असूनही खरखरत नव्हत्या, आणि तार कितीही ओढली तरी सुटल्यावर सुरात परत येत होती. म्हणजे जे आवडलं त्यातलं बरंचसं कारागिरीचं होतं, आणि ते माझ्याकडच्या जुन्या गिटारवरही करून घेता येतं.

आई, तंबोऱ्याची जवारी (तारेचा झंकार) गेली की तू मिरजेला सतारमेकर गल्लीत जायचीस, मी सोबत असायचे. भोपळा तोच, दांडी तीच. कारागीर फक्त घोडीवर कानस फिरवायचा, तारेखाली दोरा सरकवून बघायचा, पुन्हा कानस. संध्याकाळी तंबोरा वेगळाच बोलायचा. नवा घेऊन देऊ का, असं तुला कुणी म्हटलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?

माझी गिटार स्ट्रॅटच्याच घाटाची आहे, आठ वर्षांपूर्वी पुणं सोडून चाललेल्या एका मैत्रिणीकडून सात हजाराला घेतलेली. तिची मान, म्हणजे दांडी, माझ्या हाताला बसली आहे. तिचं दुखणं असं, की मींड घेतली की सूर उतरतो. मी बरेच दिवस खुंट्यांना दोष देत होते. खरं कारण मानेच्या वरच्या टोकाला होतं. तारा ज्या खाचांतून जातात ती प्लास्टिकची पट्टी घट्ट होती, तार खाचेत अडकायची आणि टिंग करून सुटायची. सध्या खाचेत पेन्सिलीचं शिसं घासलं आहे, त्याने बराच फरक पडला. आता हाडाची पट्टी बसवणार आहे. दुसरं म्हणजे पुण्याचा पाऊस. चार महिने लाकूड ओल धरतं, मान वाकते, तारा वर उचलल्या जातात. मार्चमध्ये लाकूड सुकून आकसतं आणि पडद्यांची टोकं बाहेर येऊन हाताला लागतात. मानेच्या आत पोलादी सळई असते, ती ॲलन कीने पाव फेरा फिरवून मान पुन्हा सरळ करायची. सहा तारांचा मिळून चाळीस किलोच्या आसपास ताण असतो, त्यामुळे ती पाव फेऱ्याहून जास्त एका वेळी फिरवायची नाही, हे मी शिकले आहे.

पडद्यांचं काम मागच्या महिन्यात इथल्या एका कारागिराकडून करून घेतलं. त्यांनी पडद्यांचे माथे मार्करने काळे केले आणि लांब सरळ पट्टीला पॉलिश पेपर लावून घासले. जिथला काळा रंग लगेच गेला तो पडदा उंच, जिथला राहिला तो बुटका. सगळे एका पातळीत येईपर्यंत दोन तास मी शेजारी बसून बघत होते. आवाज कमीजास्त करायचे पॉट मी स्वतः तपकीर गल्लीतून आणले, २५० किलोओहमचे. दुकानदार लिनिअर (सारख्या टप्प्यांनी चढणारे) देत होता, मी लॉगचेच मागितले, कारण कानाला आवाज तसाच चढताना जाणवतो. हे तुम्हीच मला रेडिओ उघडून दाखवलं होतं.

आता राहिले पिकअप, आणि बाबा, इथून पुढचं सगळं तुमचं खातं आहे.

पिकअप म्हणजे तुमचंच काम, अगदी बारीक केलेलं. चुंबकाच्या सहा कांड्या आणि त्यांच्याभोवती तांब्याच्या इनॅमल वायरचे साडेसात-आठ हजार वेढे. वर पोलादाची तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये अगदी थोडा व्होल्टेज तयार होतो. मोटारीला आपण वीज देतो आणि ती फिरते. इथे आपण तार हलवतो आणि वीज मिळते. (आई, तुझ्या खर्जाची पितळी तार या पिकअपला ऐकूच येणार नाही, त्याला लोखंडाचा अंश लागतो.) आणि बाबा, तुम्ही रात्री रेडिओवर जी हवाइयन गिटार ऐकायचात, तिच्यापासूनच हे सगळं सुरू झालं. १९३२ मध्ये विक्रीला आलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवायचीच होती.

माझ्या गिटारमधले पिकअप स्वस्तातले आहेत, तळाशी सिरॅमिक चुंबकाची एक पट्टी आणि वर साध्या लोखंडाच्या कांड्या. आवाज चिरका येतो. चांगला तयार संच घ्यायचा तर ही अख्खी गिटार पडली होती त्याहून जास्त पैसे जातात. म्हणून मी रिकामे बॉबिन (वायर गुंडाळायची रिळं), अल्निको या चुंबकी मिश्रधातूच्या कांड्या आणि वायर मागवून ठेवली आहे. वायर ४२ एडब्ल्यूजी (जाडीचं अमेरिकन माप), तुमच्या एसडब्ल्यूजीच्या (ब्रिटिश मापाच्या) हिशेबात जवळजवळ ४६ नंबर. जाडी ०.०६ मिलिमीटरच्या आसपास, केसाएवढीच म्हणा. भरून झाल्यावर मल्टीमीटरवर सहा किलोओहमच्या आसपास दिसायला हवेत. जास्त वेढे भरले तर आवाज मोठा येतो पण वरचे सूर दबतात, तेव्हा आठ हजारांच्या पुढे जायचं नाही.

एक गोष्ट तुम्हाला पटायला जड जाईल. तुम्ही आयुष्यभर वेढ्याला वेढा चिकटून, थर सरळ बसवलेत. इथे वायर बोटांनी धरून थोडी इकडेतिकडे जाऊ द्यायची. थर विस्कटलेले असले की कॉइलचं कपॅसिटन्स (विजेचा भार साठवून धरण्याचा गुण) कमी राहतं आणि आवाज मोकळा येतो. आणि मधला पिकअप इतर दोघांच्या उलटा गुंडाळायचा, चुंबकही उलटे बसवायचे. म्हणजे तो शेजारच्या पिकअपबरोबर लावला की तारांचा आवाज मिळतो आणि पन्नास हर्ट्झची घूंऽऽ दोन्हीकडून उलटी येऊन मिटते. आईने एकदा फोनवर ती घूं ऐकून "षड्ज कोण धरलाय गं?" विचारलं होतं, तीच ही. गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये दुहेरी कॉइलच्या पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यामागेही हेच तत्त्व होतं.

शेवटी पिकअप मेणात बुडवायचा, नाहीतर सैल वेढे थरथरतात आणि ॲम्प्लिफायर मोठा केला की शिट्टी वाजते. तुम्ही मोटारीला वार्निश देता त्यासारखंच. मेण पातेल्यात पातेलं ठेवून पासष्ट अंशांच्या आसपास ठेवावं लागतं. जास्त तापलं तर बॉबिन वाकडं होतं. ते काम आईकडे. तूप कढवताना तू जशी गॅसपासून हलत नाहीस, तसंच उभं राहायचं आहे.

तेव्हा एफडी पुन्हा ठेवा. आईच्या गुडघ्याचं डॉक्टरांनी काय सांगितलंय ते मला ठाऊक आहे, आणि ते पुढे ढकलून मला गिटार नको आहे. मला हवं आहे ते दुकान बंद केल्यापासून माळ्यावर पडलेलं तुमचं हातवाइंडिंगचं मशीन, त्याच्या काउंटरसकट. शाळेतून आल्यावर मी तुमच्या शेजारी बसून वेढे मोजायचे, काउंटर नव्हता तेव्हा. शंभर झाले की खडूची एक रेघ. यावेळीही मी मोजेन, काउंटर असला तरी. पहिलं बॉबिन तुटेल, बहुतेक दुसरंही. ही वायर नुसत्या फुंकरीनेही हलते. म्हणून वायर मी दुप्पट आणली आहे.

दिवाळीला कोयना एक्सप्रेसने या, दिवसाचा प्रवास आहे, आईला खिडकी मिळेल. मशीन जुन्या गोधडीत गुंडाळा पण उचलू नका, सांगलीला गाडीत चढवून द्यायला दादाला सांगते आणि पुणे स्टेशनवर मी डब्यापाशी उभी असेन. बारीक चिमटा आणि भिंगाचा चष्माही आणा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुम्हाला समोरचा उजेड सहन होत नाही, म्हणून टेबल खिडकीशी आडवं लावलंय. सकाळी दहापर्यंत तिथे डावीकडून चांगलं ऊन येतं.

तुमची,
मुक्ता