हेडगार्ड सक्तीचे हवे, पण त्यावर विसंबणे धोक्याचे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुष्टियुद्धाच्या वर्गात मुलाचे किंवा मुलीचे नाव घालायला आलेले आईवडील एक प्रश्न हमखास विचारतात : ‘स्पारिंगच्या वेळी (जोडीदाराबरोबरच्या सराव-लढतीत) हेडगार्ड घालायला लावता ना?’ मी होकार देतो आणि त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी उतरते. प्रशिक्षक म्हणून गेली अनेक वर्षे मी हे पाहत आलो आहे आणि दर वेळी मनात खंत राहते, कारण माझे उत्तर खरे असले तरी अपुरे असते. ते पुरे करण्यासाठी हे पत्र.

हेडगार्ड घातल्याशिवाय कोणालाही स्पारिंगला उभे करू नये, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. भुवईची कातडी हाडावर ताणलेली असते आणि ठोशाने ती सहज फाटते. कानावर पुन्हा पुन्हा मार बसला की आत रक्त साकळते आणि वेळीच उपचार न झाल्यास कान कायमचा वेडावाकडा होतो. दोघे एकाच वेळी आत घुसले की डोक्यावर डोके आदळते. तोल जाऊन पाठीवर पडणाऱ्याच्या डोक्याचा मागचा भाग जमिनीवर आपटतो. या सगळ्यांत फोमचा तो जाड थर खरोखर उपयोगी पडतो, कारण आघाताचा जोर तो थोडा पसरवतो आणि थोडा शोषून घेतो.

मेंदूची गोष्ट वेगळी आहे. सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम वजनाचा हा मऊ अवयव कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो. हनुवटीच्या कडेला हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा, बसला की डोके मानेवर झटक्याने फिरते, कवटी आधी वळते, मेंदू किंचित मागे राहतो आणि त्या ओढाताणीत त्यातले नाजूक तंतू ताणले जातात. डॉक्टर ज्याला कन्कशन म्हणतात, त्या हादऱ्यामागे डोक्याच्या या फिरण्याचा वाटा फार मोठा असतो. बाहेरून लावलेली गादी हे फिरणे थांबवू शकत नाही. बहुतेक हेडगार्डमध्ये हनुवटी उघडीच राहते, आणि डोक्याचा घेर वाढल्यामुळे एरवी केसांना चाटून गेला असता असा ठोसाही लागतो. गालावर पॅड असलेल्या प्रकारात बाजूचे आणि खालचे दिसणे कमी होते, त्यामुळे खालून येणारा अपरकट उशिरा दिसतो. जो ठोसा दिसत नाही त्यासाठी मान आवळली जात नाही आणि तोच सर्वांत जास्त हादरवतो, हे रिंगमध्ये उतरलेला कोणीही सांगेल.

इथे काही तरुण मुले ऑलिंपिकचा दाखला देतात. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून सक्तीचे असलेले हेडगार्ड तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे ‘आयबा’ने, २०१३ मध्ये वरिष्ठ पुरुषांच्या लढतींतून काढून टाकले आणि २०१६ मध्ये रिओला पुरुष उघड्या डोक्याने लढले. महिलांचे हेडगार्ड मात्र रिओत, टोकिओत आणि पॅरिसमध्येही कायम राहिले. हेडगार्ड नसताना डोक्यावरील माऱ्यामुळे लढत थांबवण्याचे प्रसंग कमी येतात, हे संघटनेने दिलेले कारण होते. त्यावर आक्षेपही घेतले गेले आणि ते मला रास्त वाटतात. ही निरीक्षणे संघटनेच्या स्वतःच्याच वैद्यकीय मंडळींची होती, आणि लढत थांबली नाही याचा अर्थ मेंदूला काही झाले नाही असा होत नाही. शिवाय हेडगार्ड गेल्यावर चेहऱ्यावरच्या जखमा वाढल्या, हे सर्वांनी पाहिले.

पण हा वाद स्पर्धेतल्या लढतीचा आहे आणि स्पारिंगला तो जसाच्या तसा लावणे चूक आहे. ऑलिंपिकमधली लढत तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची, म्हणजे एकूण ९ मिनिटांची असते. समजा, एखादा मुलगा आठवड्यातून दोनदा सहा-सहा फेऱ्या स्पारिंग करतो. म्हणजे ३६ मिनिटे झाली. स्पर्धेच्या हिशोबात या चार लढती होतात, त्याही दर आठवड्याला, आणि तिथे पंच नसतो, डॉक्टर नसतो, निकालही लागत नाही. डोक्यावर बसणाऱ्या एकूण माराचा मोठा हिस्सा स्पर्धेत नव्हे, सरावात साठतो. १९२८ मध्ये अमेरिकेतील विकृतिशास्त्रज्ञ हॅरिसन मार्टलँड यांनी मुष्टियोद्ध्यांमधील अडखळती चाल, मंदावलेली हालचाल आणि ढासळत जाणारी बुद्धी यांचे वर्णन प्रसिद्ध केले. हा आजार एका ठोशाचा नसतो. वर्षानुवर्षे बसलेल्या आणि त्या त्या वेळी किरकोळ वाटलेल्या माऱ्याशी त्याचा संबंध आहे.

एक प्रसंग सांगतो, त्यातली चूक माझी आहे. माझ्याकडचा सोळा वर्षांचा एक मुलगा स्वतःचे हेडगार्ड घरी विसरला आणि खुंटीवरचे सामाईक घालून रिंगमध्ये उतरला. त्याचा हनुवटीखालचा पट्टा घामाने कडक झाला होता आणि वेल्क्रो नीट धरत नव्हते. मी घड्याळ पाहत होतो, पट्टा तपासला नाही. दुसऱ्या फेरीत एका साध्या जॅबने, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशाने, हेडगार्ड सरकून त्याच्या डाव्या डोळ्यावर आले आणि ते वर ढकलायला त्याने हात उचलला, तेवढ्यात त्या बाजूने हुक आला. मुलगा पडला नाही, लटपटलाही नाही. फेरी संपल्यावर पाणी पिताना त्याने विचारले, ‘सर, कितवी फेरी झाली?’ मी सांगितले. मिनिटभराने त्याने तेच विचारले, आणि ग्लोव्हज सोडताना पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी माझ्या पोटात गोळा आला. त्याच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

तेव्हापासून मी प्रत्येक हेडगार्ड हातात धरून तपासतो. पट्टे लावल्यावर कपाळाकडची कड पकडून ते डावी-उजवीकडे फिरवायचे. त्याबरोबर डोके फिरले तर माप बरोबर, नुसतेच हेडगार्ड फिरले तर ते बाद. ही तपासणी केस ओले करून करावी, कारण कोरड्या केसांवर घट्ट बसलेले हेडगार्ड घाम सुटला की निसटू लागते. फोमवर अंगठा दाबून पाहावा. खळगा तसाच राहिला किंवा फोम दगडासारखा लागला, तर बाहेरचे चामडे कितीही चांगले दिसो, ते वापरातून काढावे.

मात्र सामानापेक्षा मला चिंता वाटते ती हेडगार्ड चढवताच बदलणाऱ्या वृत्तीची. डोके झाकले आहे, आता मारायला हरकत नाही, असे मारणाऱ्याला वाटते आणि खाणाऱ्यालाही. प्रशिक्षकही त्याच भरवशावर दोन फेऱ्या वाढवतात. आमच्याकडे आता पूर्ण ताकदीचे स्पारिंग क्वचितच होते. बाकीच्या दिवशी ठरावीक काम दिले जाते, जसे की एकाने फक्त जॅब मारायचा आणि दुसऱ्याने फक्त चुकवायचा, किंवा डोके वगळून केवळ अंगावर खेळायचे. स्पारिंगला १६ औंसांचे, म्हणजे प्रत्येकी सुमारे ४५० ग्रॅमचे ग्लोव्हज असतात आणि दातांवरचे गमशील्ड विसरणाऱ्याला दोरीबाहेर बसावे लागते. यामुळे मुले कच्ची राहतात अशी टीका मी ऐकली आहे. माझा अनुभव तसा नाही; ज्याला ठोशाची धास्ती नसते तो डोळे उघडे ठेवून शिकतो.

हादऱ्याची नुसती शंका आली तरी त्या दिवसाचा सराव तिथेच थांबला पाहिजे आणि हा निर्णय खेळाडूवर सोडता कामा नये, कारण तो ‘मी ठीक आहे’ असेच म्हणणार. २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला झालेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने खेळाकडे परतण्याचे टप्पे घालून दिले आहेत. प्रत्येक टप्प्याला किमान २४ तास द्यायचे आणि डॉक्टरांनी लेखी मोकळीक दिल्याशिवाय डोक्याला मार लागू शकेल अशा सरावात परतायचे नाही. पहिला हादरा पुरता भरून येण्याआधी दुसरा बसला, तर क्वचित प्रसंगी मेंदूला सूज येऊन जीवावर बेतते, आणि हा धोका विशेषतः कोवळ्या वयात असतो.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे की, हेडगार्डबद्दल जरूर विचारा. पण आठवड्यात जोराचे स्पारिंग किती फेऱ्यांचे होते, फेरी थांबवायचा अधिकार कोणाला आहे आणि मार लागलेल्या मुलाला परत कधी उभे करतात, हेही विचारा. त्या मुलाच्या आईने मला यातले काहीच विचारले नव्हते आणि मीही आपणहून सांगितले नव्हते. डॉक्टरांच्या परवानगीने तो सात आठवड्यांनी रिंगमध्ये परतला, तेव्हा त्याचा पट्टा मी स्वतः बांधला आणि त्या दिवशी त्याला फक्त चुकवायचे काम दिले.

आपला,
एक मुष्टियुद्ध प्रशिक्षक